टपावरून न उतरलेले पोते

बाळप्पाला मोटार कंपनीच्या मॅनेजरने फसवले. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाची वेगळी समजूत व्हायला नको. बाळप्पा माझ्या लॉजचा टांगेवाला. सांगलीहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारी संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर लागत. त्यांचे ड्रायव्हर, कंडक्टर, क्लीनर मुक्कामाला माझ्याकडे असत, आणि स्टँडपासून माझ्या दारापर्यंतचा चढ बाळप्पाची घोडी मैना त्यांना चढवून आणत असे. सकाळी तोच त्यांना खाली सोडी. सात वर्षांत एकही खेप चुकली नाही. त्याच्या जाण्याला आता सहा आठवडे झाले, आणि त्याच्यावर चार ओळी कोणी लिहिल्या नाहीत. मला लिहिण्याची सवय नाही. पण दुसरे कोणी लिहील असेही दिसत नाही.

बातमी गुलाबभाई ड्रायव्हरने आणली. गुलाबभाई मिरजेचा, या मार्गावरचा सर्वांत जुना. त्या दिवशी तो बाकीच्यांबरोबर आत आला नाही. काखेत कापडाची एक घडी धरून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, बाळप्पा गेला. जतला, आपल्या घरी. छातीत कफ झालता म्हनं."

मी म्हणालो, "बरं." मग आत जाऊन आठ ताटे मांडायला सांगितली, भाकरी मऊ पडल्या म्हणून आचाऱ्यावर ओरडलो, आणि उद्याच्या भाजीचे सांगून बाहेर आलो. गुलाबभाई अजून तिथेच होता. मला त्या वेळी काहीच वाटले नाही... आजही नेमके काय वाटते ते सांगता येणार नाही. पाय बराच वेळ मुडपून बसल्यावर त्याला चिमटा काढला तरी कळत नाही, तसे काहीतरी.

मी आटपाडीकडचा. बापाची मेंढरे दुष्काळात संपली तेव्हा सांगलीला येऊन एका खानावळीत भांडी घासली. नंतर तीच खानावळ चालवायला घेतली, आणि त्या जोरावर साताऱ्यात लॉज काढले. जे मिळवले ते घासाघीस करून. मला कोणी फुकट काही दिले नाही आणि मीही कोणाला दिले नाही, याचा मला अभिमान होता. बाळप्पा पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा मैना नुकतीच घेतलेली होती, आणि तो तिच्याशी कानडीत बोलत होता. चढ आला की "नडी, नडी" म्हणायचा, आणि ती खरोखरच चालायची. आम्ही दोघेही कोरड्या मुलखातले. मला तो आवडला. आवडला म्हणून मी त्याला जास्त दिले असे मात्र नाही.

कंपनीशी माझा करार माणशी होता : झोपणे, दोन वेळचे जेवण, टांगा, सगळे त्यात. टांग्यासाठी बाळप्पाला मी महिन्याला ठरावीक रक्कम देत असे. त्यामुळे टांग्यात बसणाऱ्यांनी त्याला वेगळे काही द्यावे की नाही, हा वाद पहिल्याच महिन्यात निघाला. एक तरुण कंडक्टर माझ्या ओसरीवर पाय धुता धुता म्हणाला, "आमी का द्यायचं? टांगा कंपनीचा, पगार अण्णांचा. आमी काय पाशिंजर हाय व्हय?"

गुलाबभाई म्हणाला, "पाशिंजरचं गठुडं टपावर टाकतोस तवा हात पुढं करतोस न्हवं? त्याला कुनी विचारलं का, कंपनीचा पगार घेतोस आनि वर हात कशाला पुढं करतोस म्हनून?"

"ते येगळं."

"कसं येगळं, सांग की गड्या. तुझं गठुडं तो चढवतोय, त्याचं गठुडं म्हंजी तूच हायस. आनि त्यात भरीला काळं तोंड."

सगळे हसले. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, गाड्या कोळशाच्या भट्टीवर चालत, आणि ही मंडळी उतरत ती काजळी फासल्यासारखी. बाळप्पा रोज संध्याकाळी टांग्याची गादी धुऊन काढी.

पण बाळप्पाने पैसे घेतले नाहीत. गुलाबभाईने आणा पुढे केला तर त्याने हात पाठीमागे घेतले. म्हणाला, "आवं, मला अण्णा देत्यात की." मग गुलाबभाईनेच तोड काढली. त्याचे स्वतःचे आजोबा मिरजेत टांगा हाकत, त्यामुळे टांगेवाला घोडीसाठी दिलेले नाकारत नाही हे त्याला माहीत होते. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेत कराडला गाडी थांबल्यावर हरभरे घेतले, आणि माझ्या दारात उतरताना मूठभर हरभरे टांग्याला अडकवलेल्या तोबऱ्यात टाकले. घोडीच्या तोंडाला बांधायची ती पिशवी. "हे तुला न्हाई," तो म्हणाला, "मैनेला." बाळप्पा फक्त म्हणाला, "साकु, साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तोबऱ्याच्या तळाशी एकच मूठ पडलेली असताना.

तेव्हापासून ती रीतच पडली. उतरणारा प्रत्येक जण एक मूठ टाकी. विसरणाऱ्याला बाकीचे टोचत : "काय रं, मैनेचा घास विसरलास व्हय?" तो तरुण कंडक्टरही टाकू लागला, आणि बाळप्पा प्रत्येक मुठीला "साकु" म्हणे. पहिल्या पावसाळ्यात त्याचा गोणपाटाचा तोबरा कुजला तेव्हा मी लष्करी मालाच्या लिलावातून आणलेल्या जाड कापडाचा एक शिवून दिला. सात वर्षांत मी त्याला पगाराबाहेर दिलेली ती एकच वस्तू.

आता माझ्याबद्दलचे सांगतो. ते वगळून हा लेख लिहिला असता तर तोही फसवणुकीचाच कागद झाला असता. लढाईत हरभरा महागला. बाळप्पाने एकदाच, मान खाली घालून, पगार वाढवायला सांगितले. मी म्हणालो, "तोबरा तर रोज भरतोय तुझा. घोडीचं निम्मं खाणं वरच्यावर निघतंय. मी कशाला वाढवू?" तो "व्हय" म्हणाला आणि गेला. पुढे कंपनीचा करार नवा करायची वेळ आली. स्टँडजवळच्या एका नव्या खानावळीने दर पाडले होते. मॅनेजर माझ्यासमोर बसून दर कमी करायला सांगत होता, आणि मी एक पैसाही सोडत नव्हतो. दोन तास झाले, तीन चहा झाले. शेवटी मी त्याला म्हणालो, "दर हाच. पण माझ्याकडे तुमच्या माणसांना वर काहीही खर्च पडणार नाही. टांगेवाल्यालासुद्धा काही द्यायचं नाही. हवं तर कागदावर घ्या." त्याने लगेच घेतले. मी सही केली आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

म्हणजे एकच मूठ मी दोनदा विकली. एकदा बाळप्पाला, पगाराऐवजी. एकदा मॅनेजरला, दराऐवजी. मला वाटले कागद कागदाच्या जागी राहील आणि मूठ मुठीच्या जागी. कोण तपासायला येतो?

मॅनेजर तपासायला आला. आठवड्याभरात स्टँडवर पाटी लागली की कंपनीच्या नोकरांनी टांगेवाल्यास पैसा वा जिन्नस काहीही देऊ नये. गुलाबभाई पाटीखाली उभा राहून तिला शिव्या घालत होता आणि म्हणत होता, "मी टाकनार. बघतो कोन काढतंय मला कामावरनं." हे बाळप्पाने ऐकले, आणि कोणाची नोकरी जाऊ नये म्हणून तो स्वतः मॅनेजरकडे गेला. त्याच्या आयुष्यात तो कोणा साहेबाच्या दारात गेला असेल तर तेव्हाच. मॅनेजर त्याच्याशी गोड बोलला. माणसांनी मुठीमुठीने देणे कंपनीला शोभत नाही, म्हणाला. कंपनीच दर महिन्याला हरभऱ्याचे एक पोते देईल. सांगलीहून गाडीच्या टपावर टाकून पाठवू, स्टँडवर उतरवून घे.

बाळप्पाने ते खरे मानले. इतके खरे मानले, की त्याच संध्याकाळी त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितले, "आता कुनी टाकू नगा. कंपनी पोतं देनार हाय." आणि तोबऱ्याचे तोंड दुमडून तो टांग्याच्या मागच्या बाजूला बांधला. मी ओसरीवरून पाहिले. मला बरे वाटले. माझा कागदही राहिला आणि त्याचीही सोय झाली, असे मनात आले. पोते आले का, हे मी विचारले नाही. एकदाही नाही.

पोते आले नाही. त्या महिन्यात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. आणि बाळप्पा बोलला नाही. दुसऱ्यांदा मागायला जाणे त्याच्याने होण्यासारखे नव्हते, आणि नका टाकू म्हणून ज्यांना हात जोडले त्यांना पुन्हा टाका म्हणणे त्याहूनही अवघड. दुमडलेला तोबरा पाहून सगळ्यांची समजूत झाली की मैना आता कंपनीचे खाते. गुलाबभाईने हे मला परवा सांगितले, सांगताना माझ्याकडे बघत नव्हता : "अण्णा, गाडी लागली की तो रोज पयला टपाकडं बघायचा. सामान उतरंस्तवर मान वर. आमाला वाटायचं पाशिंजरचं सामान बघतोय, भाडं मिळंल म्हनून. रोज बघायचा, अण्णा. मग म्हनायचा, चला बसा."

त्या उन्हाळ्यात मैना चढावर थांबू लागली. बाळप्पा खाली उतरून चाकाला खांदा देई, आणि वर बसलेल्यांना उतरू देत नसे. एकदा तिघांना पोचायला उशीर झाला, जेवण गार झाले, आणि मी दारातच त्याच्यावर तुटून पडलो.

"काय चाललंय हे? रोज उशीर!"

"दमलीया ती, अण्णा."

"मग खायला घाल की तिला!"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मला वाटते, पोत्याचे मला ठाऊक आहे की नाही हे तो ताडत होता. मग म्हणाला, "व्हय, घालतो." त्या वेळी त्याने एक शब्द बोलायला हवा होता... मी विचारायला हवा होता, हे जास्त खरे.

दिवाळीनंतर मैना एका संध्याकाळी स्टँडवरच बसली ती उठली नाही. बाळप्पा तिच्या कानाशी बराच वेळ कानडीत काही म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याने टांगा विकला, पण संध्याकाळी तो स्टँडवर हजर होता. मंडळींच्या वळकट्या डोक्यावर घेऊन त्यांच्यापुढे चालत तो वर आला. मी म्हणालो, "टांगा नाही तर पगार नाही." तो म्हणाला, "नगा देऊ. त्यांना वाट दावाया कुनीतरी पायजे." सात वर्षे रोज येणाऱ्या माणसांना कसली वाट दाखवायची? पण तो आला. थंडीत, खोकत, दोन महिने. मग एक दिवस आला नाही, आणि गाडीने जतला गेल्याचे कळले.

बातमी आणली त्या दिवशी गुलाबभाईच्या काखेत जी घडी होती ती त्याने माझ्यापुढे धरली. बाळप्पाच्या बायकोने ती सांगलीच्या स्टँडवर आणून दिली होती आणि निरोप सांगितला होता : "ह्यो लॉजच्या अण्णांचा हाय, जाताना परत द्या म्हनले." तोबरा. धुतलेला, उन्हात वाळवलेला, दुमडीवर पांढरी रेघ पडलेला. गुलाबभाई म्हणाला, "टपावर टाकून आनला, अण्णा. दुसरीकडं जागाच नव्हती." एवढे बोलून तो आत गेला आणि जेवला नाही.

सांगलीहून टपावरून बाळप्पासाठी जे यायचे होते ते आले नाही. बाळप्पाकडून जे आले ते माझे होते म्हणून.

तोबरा मी गल्ल्याच्या मागे खिळ्याला लावला आहे, तोंड उघडे ठेवून. मंडळी आता पायी चढून येतात. आत आल्यावर एखाद्याचा हात सवयीने खिशाकडे जातो आणि मधेच थांबतो. मी ते पाहतो. टांगेवाल्याला बसणाऱ्याने काही द्यावे का, असा वाद आजही ओसरीवर निघाला तर मी उठून आत जातो.

लवकरच सरकारी गाड्या येणार म्हणतात. कंपनीच्या गाड्या जातील, पाटी जाईल, मॅनेजर दुसरीकडे कुठे खुर्ची धरतील. त्याआधी विचारतो. मॅनेजरसाहेब, हा लेख ज्या अंकात छापून येईल तो तुमच्या कचेरीत येतो हे मला माहीत आहे. मी काय विकले ते मी नावानिशी छापून दिले. तुम्ही ते पोते पाठवायचे विसरलात, की पाठवायचे नाही हे त्याला सांगतानाच ठरलेले होते? दोन्हींपैकी जे असेल ते माझ्या लॉजवर येऊन, त्या खिळ्यासमोर उभे राहून, गुलाबभाईच्या देखत सांगा. मी रोज संध्याकाळी गाडी लागायच्या वेळेला दारात असतो.