लुलवाचा ल

अरबी आखाताच्या किनाऱ्यावरच्या समैस्मा गावात, एका घराच्या अंगणात कुणी 'लुलवा' अशी हाक मारली की तिघी ओ देत: म्हातारी, तिची नात आणि भिंतीपलीकडची शेजारीण. लुलवा म्हणजे मोती. त्या किनाऱ्यावर हे नाव घरोघरी होतं.

केरबा माने या घरचा ड्रायव्हर. आठवड्यातून दोनदा तो म्हातारीला शहरातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत लेकाकडे नेई आणि परत आणी. पहिल्या दिवशी त्याचं नाव ऐकून ती पोट धरून हसली होती. तिच्या कानांना ते 'गिरबा' ऐकू आलं, आणि तिकडच्या बोलीत गिरबा म्हणजे पाण्याची पखाल. तेव्हापासून "गिरबा, यल्ला!" म्हणतच ती गाडीत बसे. केरबाला राग येत नसे. त्याच्या दुष्काळी माणदेशात पखालीची थट्टा कुणी केली नसती.

१९७९ साली म्हसवडजवळच्या वाडीत त्याला मुलगी झाली. त्यानं पत्रातून नाव कळवलं, लुलवा. पत्रात काही चूक नव्हती. पण बारशाला पाळण्यात वाकून, 'कुर्रर्र' करून बाळाच्या कानात नाव सांगितलं ते आत्यानं, म्हणजे केरबाच्या थोरल्या बहिणीनं, बायडाबाईनं. तिच्या जिभेवर ल चा ळ झाला. लुळवा. वाडीनं तेच उचललं. पोर चालायला लागली, बांधावरून उड्या मारायला लागली, नाव मात्र लुळंच राहिलं.

१९८५च्या मार्चमध्ये बायकोचं, अंजनाचं पत्र आलं. "पोरं तिला लुळी म्हणतात आणि पुढ्यात लंगडून दाखवतात. जूनमध्ये शाळेत नाव घालायचं आहे. गुरुजी म्हणतात, लता लिहितो. तुमचा होकार कळवा."

केरबानं पत्र खोलीतल्या नसरुद्दीनला वाचून दाखवलं. नसरुद्दीन रत्नागिरीचा, सुतारकाम करायचा.

"लता काय वाईट आहे?"

"वाईट न्हाई. पर ते माझ्या पोरीचं न्हाई."

"अरे, अरबीत ळ नाहीच मुळी. इथल्या लोकांना म्हणता येणार नाही."

"ते माझ्या बहिणीला सांग."

नसरुद्दीन महिन्याच्या रजेवर निघाला होता. केरबानं त्याच्याबरोबर कॅसेट दिली; रत्नागिरीहून ती पोस्टानं वाडीला जायची होती. कॅसेटवर आधी म्हातारीनं दहा वेळा 'लुलवा' म्हटलं आणि कंटाळून "खलास!" केलं. मग केरबा बोलला.

"अक्का, जीभ मागं वळवू नगं. लाडू म्हंतीस न्हवं, त्यातला ल. मला हितं पखाल म्हणत्यात, त्यानं माझं काय गळालं न्हाई. पर पोरगी ल्हान हाय. अंजना, तिला सवताचं नाव नीट सांगता आलं तर तेच घाल. न्हाईतर लता."

मेमध्ये नसरुद्दीन परतला, वाडीहून आलेली कॅसेट घेऊन. दोघांनी ती लावली. आधी बायडाबाई. "केरबा, कालजी करू नगं. केली लागल्यात. बाल खुशाल हाय."

तिनं ळ मुळापासूनच सोडला होता. नसरुद्दीन हसून हसून खाटेवर आडवा झाला. मागून पोरीचा आवाज येणार, एवढ्यात केरबानं टेप बंद केला. त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता. बापाच्या कानांना जे हवं तेच ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं समैस्माच्या अंगणात गाडी उभी केली आणि चारी दारं उघडली. घरी पाठवायचं पत्र खिशात होतं, त्यात फक्त नावापुरती जागा कोरी. त्यानं आवाज मोठा करून कॅसेट लावली. कोंबडा आरवला, कुणीतरी खोकलं, आणि मग एक बारीक, ठाम आवाज आला.

"लुलवा. लुलवा केरबा माने."

"ओ!" म्हातारी आतून ओरडली. नात ओल्या हातांनी दारात आली. भिंतीवरून शेजारणीनं विचारलं, "कोण हाक मारतंय?"

केरबानं खिशातलं पेन काढलं.

"तुम्हाला नाही," तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. "शाळेची हजेरी चाललीय."