कुमक नंदुरबारहून निघाली होती

सोनुने गुरुजींनी आमच्या सातवीच्या वर्गात रोहिणखेडची लढाई एकदाही पुस्तकातल्यासारखी संपू दिली नाही. खानदेशच्या सुलतानाने वऱ्हाडात मुसंडी मारली, इथले सरदार त्याला मिळाले. पण दोस्त गुजरातची नंदुरबारहून निघालेली कुमक यायच्या आत बहामनी फौजेने त्याला आमच्याच गावाशी गाठून धूळ चारली. इथवर सांगून गुरुजी खडू खाली ठेवत आणि म्हणत, "आता समजा, कुमक आली."

मग काय, खानदेश जिंके आणि वऱ्हाडची गादी रोहिणखेडला येई. "अन् पुन्याचे लोकं मले-तुले शिकाले आपल्याइथं शिकवणी लावत असते," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची आमची छाती होत नसे. या इतिहासाच्या त्यांनी अकरा जाड वह्या लिहिल्या. साऱ्यांचा पाया एकच: नंदुरबारहून रोहिणखेडची वाट आठ मुक्कामांची, लढाईआधी सहज पोचता आलं असतं, म्हणजे गुजरातवाले मुद्दाम रेंगाळले. "दगा देल्ला," ते म्हणत. आम्ही परीक्षेतही तेच लिहून भरपूर गुण मिळवले.

निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, हे एकदा पायांनी सिद्ध करायचं. पोती भरलेली बैलगाडी घेऊन ते नंदुरबारहून निघाले. घोडे पुढे गेले तरी त्यांचा दाणागोटा गाडीच्याच चालीने येणार, हा त्यांचा हिशेब. आठव्या मुक्कामी निम्मीच वाट सरली होती. पंधराव्या दिवशी ते रोहिणखेडच्या अलीकडे, धामणगाव बढेलाच होते.

महिन्याभराने ते माझ्या शेगावच्या पेढ्यांच्या दुकानात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरी, म्या तुले चुकीचं शिकवलं. त्यायनं दगा नाई देल्ला. ते येऊनच राह्यले होते."

खिशात विद्यार्थ्यांची यादी होती. प्रत्येकाला ते स्वतः भेटून सांगत होते.

"अन् वह्या, गुरुजी?"

"बांधून ठेवल्या. पायाच गेला त्यायचा."

उभ्या आयुष्याचं काम होतं ते. मी म्हटलं, "सहाशे वर्सं झाले त्या लोकायले. कोन इचाराले येनार हाये?"

"कोनी येनार नाई, म्हनूनच तं. जित्ता मानूस भांडते. मेलेल्याची बाजू कोन सांगीन?"

एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला सातवीत शिकवलं, याचीच मला भीती वाटली. पाणी पिऊन ते वरवट बकालच्या गाडीला लागले. तिथे आमच्या वर्गातला एक जण शेती करतो.

गुरुजी गेल्या वर्षी गेले. यादीत नऊ नावं उरली होती. ती आम्ही वाटून घेतली आहेत.