बापूंची एकट्याची होडी

बापूंच्या शेडमधला भुसा रोज झाडून निघतो, किस्से मात्र साठतच जातात!

शाहूपुरीत घरामागं पत्र्याची शेड, आत दोन स्टुलांवर लाकडी कयाक. म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी. चंदगडकडं कुणीतरी भंगारात काढली होती, बापूंनी टेम्पोत घालून आणली. बापू फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. हल्ली उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. तेव्हापासून बापूंचा एकच ध्यास, होडी आपल्याच हातानं दुरुस्त करायची आणि एकदा तरी स्वतः वल्हवायची. मी आणि सोफे शिवणारा रफीक, आम्ही नुसते चहाचे मानकरी.

*

एकदा बापूंच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या माहेरचे पाहुणे आले. होडीभोवती फिरून म्हणाले, "गव्हाण झकास केलीया की! म्हशी किती हायत?"

"म्हशी न्हाईत पावणं, मी एकटाच हाय!"

*

ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना मुळातच जरा मोठा करतात. त्याची मोजपट्टीही वेगळी असते. बापूंनी सवयीनं तीच पट्टी घेतली आणि तळाच्या सगळ्या फळ्या लांब कापल्या. एकही बसेना!

वहिनी दारातून म्हणाल्या, "थांबा की जरा. थंड झाल्यावर आटतील!"

*

रफीकनं सीट शिवली आणि ट्रायल म्हणून स्वतःच आत बसला. बसला तो अडकलाच! मी आणि बापू ओढतोय, होडी त्याच्यासकट वर येतेय.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आधी पोटावर रंधा मारून घ्या!"

*

वहिनींचं तोंड असं. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. बापूंनी काठाची पट्टी बसवली, हात हलला, पट्टी तिरकी गेली. आम्ही म्हणालो, "एक नंबर!" वहिनींनी चहाचा ट्रे ठेवला, बघितलं आणि म्हणाल्या, "वाकडी हाय."

बापूंनी पट्टी काढली, दुसरी बसवायला घेतली. मला फार वाईट वाटलं. बाजूला नेऊन म्हटलं, "वहिनी, कशाला बोलायचं?"

"मी गप बसले तर पाण्यात होडी बोलंल की!"

*

शेवटी रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तलावावर गेलो. बापूंना लाइफ जॅकेट घातलं. मी आणि रफीक कमरेएवढ्या पाण्यात उभे, वहिनी काठावर. होडीत थेंबभर पाणी शिरलं नाही. बापू पार मधोमध जाऊन वळून आले. रफीकनं शिट्टी मारली, माझे डोळे भरून आले.

बापू उतरले, पण हसले नाहीत. ओला उजवा हात समोर धरला. तो जोरात थरथरत होता.

"खरं सांग," ते वहिनींना म्हणाले, "लांबनं दिसत हुतं न्हवं? हात लय हालत हुता."

आम्ही दोघांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी तो हात पदरात घेतला, सावकाश पुसला.

"हात कुठला ओ? पाणी हालत हुतं की!"