अर्ध्या सडकेचा सडा

धाव तापून लाल झाली तेव्हा बायको बादली घेऊन माझ्या डाव्या अंगाला उभी होती. नेहमी तिथंच उभी राहायची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवतात, ती धाव. ती चाकापेक्षा जराशी लहानच करायची. गोवऱ्यांच्या आगीत तापवली की फुगते. मग सांडशीनं उचलून चाकावर ठेवायची, घणानं ठोकून बसवायची, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी मारायचं. पाणी लागलं की लोखंड आवळतं आणि चाक घट्ट होतं. घण मारायला माणूस मिळतो. पाणी मारायला मिळत नाही. एकीकडं जास्त पाणी पडलं तर धाव तिकडं ओढते आणि चाक जन्मभर डोलत चालतं. तिच्या हाताचं पाणी सगळीकडं सारखं पडायचं. हे मी तिला शिकवलं नाही. रोज दारात सडा टाकून तिच्या मनगटाला ते वळण पडलं होतं.

सोनगीरकडचा एक गाडीवाला ओट्यावर बिडी ओढत बसला होता. चाक त्याचंच होतं.

"उद्या सकाळी पोरगा सामान न्यायला गाडी पाठवतो म्हणाला," मी तिला म्हणालो. "तू हो म्हणतेस का नाही ते आज सांग."

"चाक बसू द्या. मंग सांगस."

गाडीवाला हसला. "मिस्तरी, बायकोले इचारीसन घर बदलतस का?"

"घर त्यास्नं शे," ती म्हणाली. "सडक मनी शे."

गाडीवाल्याला काही कळलं नाही. मी घण उचलला. ती बादली कलती करून चाकाभोवती फिरली, वाफ झाली, धाव बसली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. उन्हाचा तडाखा होता. जरा पडते म्हणाली आणि आत गेली.

घर माझं आणि सडक तिची, म्हणजे काय ते मला माहीत होतं. ते सांगायचं तर मागपासून सांगावं लागेल.

लग्न झाल्यावर आम्ही धुळ्याला आलो तेव्हा माझी मिशीही नीट फुटली नव्हती. गावात सुतार चार झाले होते आणि खायला काम एकाचंच होतं. धुळ्यात आग्रा रोडला, पांझरेच्या पुलाकडं जाताना, एक पडकी खोली मिळाली. तेव्हा गाव आमच्या घराच्या अलीकडेच संपायचं. पुढं नदी, पलीकडं देवपूर, तिथं शेतं आणि थोडी घरं. आता बघाल तर देवपुरात वकील राहतात, मास्तर राहतात, नवे बंगले उठलेत, नदीच्या दोन्ही अंगांना गाव झालं आहे. आणि आमचं घर, जे गावाबाहेर होतं, ते गावाच्या मधोमध येऊन पडलं. आम्ही जागचे हललो नाही. गावच सरकलं.

सडक मात्र एक घटका उभी राहत नव्हती. हंगामात कपाशीच्या गाड्यांची रांग लागायची, एकीच्या मागं एक, सरकी काढायच्या जिनपर्यंत. कोणाच्या चाकाचा आरा मोडायचा, कोणाची धाव निसटायची. माझं पोट त्यावर चाललं. पण मला त्या सडकेनं सुख दिलं नाही. रोज कोणीतरी सांगायचा, मी इंदूरहून आलो, मी नाशिकला चाललो. हातात रंधा असायचा आणि पाय शिवशिवायचे. एकदा ठरवलं, चार महिने इंदूरला जाऊन येतो, तिथं बग्ग्यांची कामं मिळतात. पेटी बांधली. ती म्हणाली, "जा. मी आठेच शे." इथंच आहे, एवढं बोलून चुलीला लागली. मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. तिनं पेटीकडं बघितलं सुद्धा नाही, ताट वाढलं.

तिला ही सडक आवडायची. का, ते विचारू नका. मला वाटतं तिचं माहेर याच सडकेवर पुढं होतं म्हणून. नंतर पोरगी शिरपूरकडं दिली, तीही याच सडकेवर. तिकडून कोणी आला की पूल उतरल्यावर आमचं दार आधी लागायचं. तो पाणी प्यायला थांबायचा आणि सांगून जायचा, "तुमनी पोरले बरं शे," किंवा, "तुमना भाऊनी म्हैस व्यायनी." तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. मी म्हणायचो, म्हैस व्यायली त्यात तुला काय. ती म्हणायची, माले काय नही, पन कळनं ना.

आणि सडा. सडा सगळ्याच बाया टाकतात, शेण कालवून, दारापुढं, पहाटे. तिचा सडा आधी ओट्याच्या कडेपर्यंत होता. मग मोटारी आल्या. मोटार गेली की धुरळा उठायचा आणि भाकरीवर बसायचा. तिनं सडा वाढवला, चाकोरीपर्यंत. लॉऱ्या आल्या, तसा पार सडकेच्या मध्यापर्यंत नेला. समोर मारवाड्याचं किराणा दुकान. शेठची आई आमच्या हिच्याच वयाची. तिनं हिचं बघून तिकडून सुरू केलं. रोज पहाटे दोघी दोन बाजूंनी पाणी टाकत यायच्या आणि मधोमध थांबायच्या. एकमेकींशी बोलायच्या नाहीत फार. तिची भाषा हिला कळत नव्हती आणि हिची तिला. पण दोघींचं पाणी एका रेघेवर मिळायचं. ती रेघ दोघींपैकी एकीनंही कधी ओलांडली नाही.

शेठ हसायचा. "मिस्तरी, अर्धी सडक तुमच्या बाईची, अर्धी आमच्या माँजींची. सरकारनं मोटार कुठून न्यायची?"

"सरकारला सांगा, हळू न्यायची," मी म्हणायचो.

पुढं सडकेला डांबर लागलं. मधोमध काळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना धुरळा होता तसाच. पट्टा ताजा होता, रात्रभर निवलेला. पहाटे ही उठली आणि रोजच्यासारखा शेणाचा सडा त्या काळ्या पट्ट्याच्या अर्ध्यावर टाकून आली. डांबर पाणी पीत नाही हे तिला काय माहीत. शेण वर तसंच राहिलं. सकाळी टपालवाला सायकलवरून आला आणि आमच्या दारात पिशवीसकट आडवा झाला. मागून सडकेचा मुकादम आला.

"बाई, ही सडक आहे, तुमची ओसरी नाही."

"मंग मना दारपुढून उचली ल्या," ती म्हणाली.

टपालवाला कपडे झटकत हसत होता. त्या दिवसापासून तिनं शेण ओट्यापुरतं ठेवलं आणि पुढं नुसतं पाणी. पण मध्यापर्यंत. डांबरावर कशाला टाकतेस, तिथं धुरळा कुठं आहे, मी म्हणायचो. ती ऐकायची नाही. समोरची म्हातारीही टाकत होती ना.

दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या, निम्म्या पुलाच्या चढावर बंद पडायच्या. गाड्यांना पुन्हा दिवस आले. माझ्या अंगणात चाकांची थप्पी असायची. आणि त्याच वेळी फौजेच्या लॉऱ्या, रांगाच्या रांगा. भांडी फळीवर हलायची. मला झोप लागेना. पडलो की पुन्हा उठून ओट्यावर यायचो, ओट्यावरून आत जायचो. ती म्हणायची, "बसा ना एक जागे." बसणं मला जमलंच नाही कधी.

लढाई संपली तशी गाड्यांची कामं आटली. मोटारीची जुनी चाकं लावून गाड्या निघाल्या, त्यांना ना आरे लागतात ना धाव. पोरगा कचेरीत कारकून झाला होता. त्यानं देवपुरात दोन खोल्या बांधल्या, सडकेपासून आत, दोन गल्ल्या टाकून. स्वच्छ जागा, मागं विहीर. तो म्हणाला, "आबा, तुम्ही दोघं तिकडं चला. मायचा खोकला या धुरळ्यानं आहे." मला पटलं. खरं सांगायचं तर खोकल्याआधी मलाच पटलं. या सडकेपासून एकदाचं सुटावं असं झालं होतं. पूल ओलांडून का होईना, कुठंतरी जायचं. मी हो म्हटलं.

तिनं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. एकदा जागा बघून आली. येताना पुलावर टेकली आणि म्हणाली, "घर चांगलं शे. पन तठे कोन येई? शिरपूरना मानूस सडकनी जाई, गल्लीमा कशाले वळी?"

"पोरगी येईल की भेटायला."

"पोर वरीसमा एकडाव येस. बाकी दिवस?"

मी चिडलो. बाकी दिवस देवाचं नाव घे, म्हणालो. ती उठून चालू लागली. त्यावर आमचं बोलणं राहिलं ते राहिलंच. पोरानं मग गाडी ठरवून टाकली. म्हणून त्या दिवशी मी आगीपुढं विचारलं, आणि तिनं सांगितलं, चाक बसू द्या.

चाक बसलं. गाडीवाला जेवायला गावात गेला. मी हात धुऊन आत गेलो, म्हटलं आता सांग. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली वाटलं. हात लावला तर अंग घामानं गार. पाणी तोंडाला लावलं, ते ओठावरून उशीवर गेलं. वैद्य आला, नाडी धरली, सोडली. मी तिचा पदर तोंडावर ओढला. शेठनं दुकान बंद केलं आणि पोराकडं माणूस धाडला. दिवस मावळायच्या आत पांझरेच्या काठावर सगळं उरकलं. माझी थोरली बहीण गावातच असते, ती आली. बाया रडल्या. मी ओट्यावर बसलो, उठलो, अंगणात गेलो, पुन्हा बसलो. गोवऱ्यांची राख अजून कोमट होती.

सकाळी मी उठून दार उघडलं. समोरची म्हातारी तिचा सडा टाकत होती. टाकत टाकत मध्यापर्यंत आली आणि थांबली. तिच्या बाजूची सडक ओली, काळी. आमच्या बाजूची कोरडी. सुतकात दारात सडा पडत नाही, हे तिलाही माहीत, मलाही माहीत. तिच्या बादलीत पाणी उरलं होतं. तिनं आमच्या बाजूला टाकलं नाही. रिकामा हात पदराला पुसला आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात पुलाकडून बैलगाडी आली आणि आमच्या दाराशी थांबली. पोरानं ठरवलेली ती. गाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांगायचं कालच्या धांदलीत सगळेच विसरले. हा गाडीवाला देवपूरचा, तो खाली उतरला, दारात बसलेली माणसं बघितली आणि त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. पोरगा पुढं झाला, त्याला बाजूला घेऊन बोलला, मग माझ्याजवळ आला. रात्रभर जागलेला दिसत होता.

"आबा, आज परत पाठवतो. तेरावं झालं की बोलवू ना?"

अंगणात काल बसवलेलं, सोनगीरवाल्यानं अजून न नेलेलं चाक भिंतीला टेकून होतं. मी त्याच्याजवळ गेलो. धावेवर हात फिरवला, पुरता एक वेढा. कुठं फट नव्हती.

"आबा?"

"मी तिला विचारलं होतं," मी म्हणालो. "तिनं सांगायचं राहिलं."

"आता काय सांगणार ती," पोरगा म्हणाला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "तुम्ही एकटे इथं काय कराल? धंदा नाही. वर ही वर्दळ."

तेवढ्यात मुंबईकडं जाणारी लॉरी गेली. ओल्या बाजूचा धुरळा बसलेला राहिला. आमच्या बाजूचा उठला आणि दारात बसलेल्या सगळ्यांच्या अंगावर आला. बहिणीनं पदर तोंडाला लावला.

मी आत जाऊन तिची बादली घेतली. रांजणातून भरली.

बहीण उठून आडवी आली. "भाऊ, काय करी राह्यनात? सुतक शे. आनी हाई काय गडीमानूसनं काम शे?"

"सडा नाही टाकत. धुरळा बसवतो."

"एकच ना ते."

"एकच तर एकच. बाजूला हो."

ती बाजूला झाली. पोराकडं वळून मी म्हणालो, "गाडीला परत पाठव. पुन्हा बोलवू नको." त्यानं गाडीवाल्याला हात केला. गाडीवाल्यानं बैल वळवले.

ओट्यावरून उतरलो आणि पाणी फेकलं. सगळं एकाच जागी पडलं, माझ्याच पायापुढं, चिखल झाला. घण मारणारा हात तो. पुन्हा फेकलं, जरा पसरलं. म्हातारी पलीकडं उभी होती, हसली नाही, आत गेली नाही. चाकोरी ओलांडून डांबरापर्यंत गेलो. बादली तिथं संपली. मधल्या रेघेपर्यंत अजून बरीच सडक कोरडी होती. मी दुसरी बादली भरायला मागं वळलो.