पांढरं पडलेलं बीड

नवरात्रातली आयुधपूजा होऊन तीनच दिवस झाले आणि कोइमतूरच्या त्या ओतकाम कारखान्यात पंपांच्या कवचांवर ड्रिलं मोडायला लागली.

"ड्रिलंच भिकार आलीत," इंजिनियर सेंदिल करवादला.

चोवीस वर्षं तिथल्या भट्टीसाठी भंगार निवडणाऱ्या करुप्पात्ताळनं एक कवच हातोड्यानं फोडलं आणि तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आतून करडं हवं, ते पांढरंफटक होतं.

"ड्रिलांना कशाला शिव्या घालतोस, राजा? पूजेच्या झाडलोटीत जुनी बेअरिंगं माझ्या ढिगात कुणी ओतली? त्यांत क्रोम असतं. ते बीडात उतरलं की कार्बन मोकळा होत नाही, लोखंडालाच चिकटून बसतो. मग बीड काचेसारखं कडक होतं."

"अक्का, झाडायला मीच सांगितलं होतं," सेंदिल पुटपुटला.

तिनं ढीग उपसून एकूण एक बेअरिंग बाहेर काढलं. दुपारी ओतलेलं कवच फोडलं, तर आतून छान करडं! दुसऱ्यात ड्रिल पपईत सुरी जावी तसं शिरलं आणि कारखानाभर शिट्ट्या घुमल्या.

करुप्पात्ताळनं पदर खोचला. "पुढच्या पूजेला आधी मला विचारायचं. देवीला नंतर!"