रंगीत सूत, कोरं सूत

गाडी धुण्यात एवढं काय, असं म्हणणारे लोक जगात भरपूर आहेत, आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात गाडी धड धुतलेली नसते. शालिकराम धकाते अशांच्या तोंडी लागत नाहीत. शहराच्या कडेच्या बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये ते सकाळी सहाला दोन बादल्या घेऊन हजर असतात. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची, मग वरून खाली पुसत यायचं, फडकं दर वेळी साध्या पाण्यात खंगाळायचं, आणि काही झालं तरी उन्हात तापलेल्या पत्र्याला ओला हात लावायचा नाही. कुणी हौसेने नवी बाटली आणून दिली, तर ते आधी दाराच्या आतल्या कडेला बोटभर लावून पाहतात. पांढऱ्या चिंधीवर रंग उतरला, की बाटली परत.

"पैले काठाच्या आतून पाहा लागते जी," ते सांगतात.

आता गाडीला कुठला आलाय काठ! पण माणूस उमरेडचा, तीन पिढ्यांचा विणकर. चोपन्नाव्या वर्षापर्यंत हातमागावर बसले. माग बंद पडला तेव्हा बायकोला, पुष्पलताला, घेऊन बेसाला आले. माग सुटला, पण काठ काही तोंडातून गेला नाही.

गाडीची ही सगळी विद्या त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुताईंनी दिली. पण त्याआधी शालिकरामनी इंदुताईंच्याच गाडीची पार वाट लावली होती, ते सांगायला हवं.

चार वर्षं झाली त्याला. शालिकरामना कामाला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते, पण ते विणकर हे स्कीमभर माहीत झालं होतं. इंदुताई एकट्या राहणाऱ्या. एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या. स्वतःच्या कमाईची एक लहानशी निळी गाडी होती, तिच्यावर जीव. कडुलिंबाखाली राहून तिच्यावर चिकट डाग पडले होते. "जरा नीट धुवा," एवढंच त्या म्हणाल्या.

विणकराच्या घरात नीट धुणं म्हणजे काय? कोरं सूत आलं, की गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून उकळायचं. तेलकटपणा, मळ, सगळं सुटतं. शालिकरामनी तेच केलं. कढत पाणी, त्यात मूठभर सोडा, वर भांड्यांचा साबण, आणि एप्रिलमधलं दहाचं ऊन. साधं पाणी भरून आणेपर्यंत बॉनेटवर सगळं वाळलं. पाणी ओतलं तर काय, निळ्या रंगावर पांढरे ढगच ढग! घाबरून त्यांनी घासणीने घासलं, तर ओरखडे उठले ते वेगळेच.

गेलं काम! परत जायचं तर उमरेडला माग तरी कुठे उरला होता?

तेवढ्यात स्कीमचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी पार्किंग डोक्यावर घेतलं. "उद्यापासून येऊ नका," इथपर्यंत गेले. आवाज ऐकून इंदुताई खाली आल्या. बॉनेट पाहिलं. बादलीत बोट बुडवून दोन बोटांत चोळलं.

"सोडा?"

"हाओ ताई."

"सूत यातच धुता?"

"हाओ."

"रंगवलेलंसुद्धा?"

शालिकराम त्या अवस्थेतही दचकले. "नाही जी! रंगवलेलं कायले टाकीन सोड्यात? थे रिठ्याच्या पाण्यात, थंड्या, सावलीत. सोड्यात टाकलं तर रंग जाते ना."

"मग ही गाडी कोरं सूत आहे का, शालिकरामजी?"

शालिकराम गाडीकडे पाहतच राहिले. एवढी सोपी गोष्ट, आणि ती आपल्याला, आपल्याला कळू नये!

इंदुताई सेक्रेटरींकडे वळल्या. "सोडा टाकायला मीच सांगितलं होतं. माझी गाडी, माझी चूक. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा." धडधडीत खोटं! तेही इतक्या थंडपणे, की सेक्रेटरी आल्या पावली परत गेले.

त्यानंतर महिनाभर इंदुताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली यायच्या आणि शिकवायच्या. भांड्यांच्या साबणाने पत्र्यावरचा मेणाचा थर निघून जातो, तो गाडीला नाही. काच पुसायच्या झणझणीत औषधाने काळी फिल्म खराब होते. डॅशबोर्डला बाळाच्या शाम्पूचा थेंब टाकलेल्या पाण्यातलं, घट्ट पिळलेलं फडकं बस झालं. कापडी सीटला खाण्याचा सोडा चालतो, धुण्याचा नाही. आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली न् ब्लीचची बाटली एकमेकींच्या जवळसुद्धा आणायची नाही, त्यांचा विषारी गॅस होतो. बॉनेट पॉलिश करून घेतलं, तरी तळहाताएवढा एक फिका डाग राहिलाच. इंदुताईंनी तो तसाच ठेवला.

तो डाग पुसताना शालिकरामना रोज तो दिवस आठवायचा. कधीतरी ताईंना सांगायचं, की तुमच्या त्या खोट्यावर माझी चूल पेटून राहिली. पण असं बोलायचं कसं? चार वर्षं गेली.

मग इंदुताईंना कॅन्सर निघाला. धंतोलीतल्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, असं सहा वेळा. भाची नूपुर मुद्दाम येऊन राहिली. ती गाडी चालवायची, ताई मागे बसायच्या. पाच वेळा झालं. पाचव्या वेळी परतताना ताईंना मागच्या सीटवर उलटी झाली. नूपुरने पुसलं, वर सेंट मारला, गाडी बंद करून ठेवली. झालं! दोन्ही वास एकमेकांत मुरले.

ताईंना त्या दिवसांत फोडणीचा वास सहन होत नव्हता, तिथे हा कुठला होणार? दोनदा त्या बसून पाहायला म्हणून खाली आल्या, दार उघडलं, तोंडाला रुमाल लावून परत वर गेल्या. दुसऱ्या गाडीत बसायचं म्हटलं, तर तिच्यात कसला वास असेल या धास्तीनेच त्यांना मळमळायचं. शेवटी म्हणाल्या, "पाच झाले, पुष्कळ झाले. मी नाही येत." डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सहावं चुकवायचं नाही. आणि सहावं उद्यावर आलं होतं.

त्या सकाळी नूपुर पार्किंगमध्ये आली ती रडतच. एका हातात ब्लीच, दुसऱ्या हातात संडासाची बाटली. "काका, दोन्ही ओतते. वास तरी मरेल."

"थांब!" शालिकराम असे ओरडले, की वॉचमन धावत आला. "वासच नाही बेटा, आपणबी मरून जाऊ! तुझ्या मावशीनंच सांगतलं हाय मले." त्यांनी दोन्ही बाटल्या काढून घेतल्या आणि एक पार्किंगच्या या टोकाला, एक त्या टोकाला नेऊन ठेवली. "तू वर जाय. गाडी मायाकडं सोड."

त्या दिवशी बाकीच्या गाड्यांना हात लागला नाही. कुणी विचारलं, तर "आज नाही जमत जी," एवढंच. चारही दारं उघडी टाकून सावलीत त्यांनी सीट धरली. आधी सीटच्या खालच्या बाजूला ओली चिंधी लावून पाहिलं. मग थंड पाण्यात साध्या साबणाचा थेंब, डागाच्या कडेकडून आत टिपत जायचं, घासायचं नाही. मग नुसतं पाणी. मग सुती फडक्याने दाबून ओल काढायची. वर खाण्याचा सोडा पसरून चार तास ठेवला, ब्रशने झाडला. वास घेतला. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

संध्याकाळी त्यांचं स्वतःचं नाक कामातून गेलं, तेव्हा पुष्पलताला बोलावलं.

"साबनाचा येऊन राहिला जी, थोडासा," ती म्हणाली.

परत पाणी, परत टिपणं. "आता?"

"आता कायचाच नाही."

तरी सीट ओलसरच होती. वर काही अंथरायला हवं. पण बाजारातली चादर म्हणजे तिचा वेगळा वास. शालिकरामना दुपारीच ट्रंकेतलं कापड आठवलं होतं. मागावरून उतरलेलं शेवटचं, पांढरं, चार वर्षं घडी न मोडलेलं. त्यालाही खळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होताच, म्हणून तेव्हाच त्यांनी ते घरी उकळायला लावलं होतं.

"काहून जी, थे तर आपलं शेवटलं कापड," पुष्पलता म्हणाली होती.

"म्हनूनच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इंदुताई नूपुरचा हात धरून खाली आल्या. डोक्याला स्कार्फ, चेहरा उतरलेला. नूपुरने गळ घालून "फक्त दार उघडून बघ" एवढ्यावर आणलं होतं. शालिकराम चार पावलं मागे सरकले, आपल्याच अंगाला काही वास यायचा म्हणून.

ताईंनी दार उघडलं. वाकून श्वास घेतला. पुन्हा एकदा, मोठा घेतला.

"कसलाच वास नाही गं," त्या म्हणाल्या, आणि बसल्या. बसल्या! मग कापडावरून हात फिरवत विचारलं, "हे तुमच्या मागावरचं?"

"हाओ ताई."

"खळ काढलेली दिसते. कशात धुतलंत?"

शालिकरामनी मान खाली घातली. "सोड्यात." आणि घाईघाईने, "पन कोरं सूत हाय ताई! रंग नाही त्याले!"

इंदुताई हसल्या. आधी नुसत्या ओठांत, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांनी. नूपुर एव्हाना स्टिअरिंगवर बसली होती, ती वळून पाहतच राहिली.

तेव्हा कुठे शालिकराम दाराशी आले आणि त्यांना शब्द फुटले. "ताई, तुमी त्या दिवशी खोटं बोलल्या, म्हनून माझं घर उभं हाय. चार वर्सं झाले, सांगाचं राहून जाते."

"खोटं कुठे बोलले?" ताई डोळे पुसत म्हणाल्या. "बादलीत काय टाकताय ते न विचारता वर निघून गेले होते. ती माझीच चूक होती." मग त्यांनी हात बाहेर काढून शालिकरामच्या हातावर ठेवला. "आज तुम्ही नसता, तर मी उपचाराला गेले नसते हो. चल नूपुर, शेवटचं आहे, आटपून येऊ."

निळी गाडी गेटबाहेर पडून धंतोलीच्या रस्त्याला लागली. शालिकराम हात जोडून उभे राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यांनी दोन्ही बादल्या भरून घेतल्या. कालच्या सगळ्या गाड्या तशाच धूळ खात उभ्या होत्या.