टाकीकडची खिडकी

आमच्या भिंतीला लागून गोबरगॅसची टाकी झाली आणि आमच्या घराचा भाव मातीत गेला. आज हे शांतपणे लिहिते आहे, पण तेव्हा त्या टाकीला आग लावावीशी वाटायची.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. मौद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नागपूर संपता संपता, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आमचे हे गांधीबागेत कापडाच्या दुकानी मुनीम. मागच्या गोठेवाल्याने सरकारी मदतीने टाकी बांधली : जमिनीत विहिरीसारखा खड्डा आणि वर लोखंडी टोपी. गॅस साठला की टोपी वर यायची, वस्तीतल्या शेगड्या पेटल्या की खाली बसायची. वापरलेलं शेण बाजूच्या खड्ड्यात पडायचं, आणि त्याचा वास, माश्या थेट आमच्या खोलीत. आम्ही बोंब मारू नये म्हणून गोठेवाल्याने आमच्याही शेगडीला फुकट नळी जोडून दिली.

त्याच वर्षी यांच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले. विकायला घराशिवाय आमच्याकडे होतं काय?

गिऱ्हाइकं यायची, नाकाला रुमाल लावायची आणि निघून जायची. दलाल म्हणाला, "वहिनी, मागची खिडकी लावून ठेवत जा. वास आला का भाव पडते."

त्याच खिडकीखाली यांची खाट. आडवं झालं की यांना धाप लागे, म्हणून उशीला टेकून, खिडकीकडे तोंड करून बसत. कसली का असेना, हवा होती. पण कुणी येणार असलं की हे स्वतःच म्हणायचे, "लाव वं खिडकी. घडीभर मले काई होत नाई." मी खिडकी लावायची, ऊद जाळायची आणि त्या धुराने यांना खोकल्याची उबळ यायची. जीव नुसता तुटायचा माझा.

एकदा सीताबर्डीचा एक दुकानदार आईला घेऊन आला. म्हातारीला विहिरीचं पाणी गोड लागलं, अंगण आवडलं. मुलाने इसार द्यायला खिशात हात घातला. मला आभाळ ठेंगणं झालं. लगेच चहा टाकला. म्हातारी माझ्यामागे आत आली आणि शेगडीची निळी ज्योत बघून हरखली.

"धूर नाई, काई नाई! कशावर चालते वं हे?"

"गोबरगॅसवर."

"निव्वळ शेणाचाच ना? लोक म्हणतात, संडासबी जोडला हाये त्याले."

गोठ्यातल्या गड्यांचा संडास जोडलेला होताच. मी 'नाही' म्हणाले, पण म्हणायला जरा वेळ लागला. म्हातारीने कपाला हातही लावला नाही. "चाल गा," ती मुलाला म्हणाली. इसार खिशातच राहिला.

ते गेल्यावर मी खिडकी उघडली आणि यांच्या पायाशी बसून हंबरडा फोडला.

"काहून रडून राहिली वं? दुसरं गिऱ्हाईक येईन." एवढं बोलतानाही यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

दुसरं गिऱ्हाईक आलं, पण हे गेल्यावर. तोवर रॉकेल मिळेनासं झालं होतं, सिलिंडरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसले होते. दलालाने एक जोडपं आणलं. त्यांनी ना अंगण पाहिलं ना विहीर. बाई सरळ शेगडीपाशी गेली. संडासाचं मीच सांगून टाकलं, आता मला कशाचीच पडली नव्हती. नवरा हसला.

"राहू द्या ना बाई. रॉकेलच्या रांगेत पाय मोडले हिचे."

तेव्हा मी जेवढा मागत होते आणि कुणी देत नव्हतं, त्याहून चढा भाव त्याने आपणहून सांगितला.

मग तो खोलीत आला. गिऱ्हाईक येणार म्हणून सवयीने मी खिडकी लावून ठेवली होती.

"हे उघडा ना," तो म्हणाला. "इथून टाकी दिसते म्हणे."

मी खिडकी उघडली. वास आत आला. यांची खाट मी अजून हलवली नव्हती. तिच्यावर गुडघा टेकून तो बाहेर वाकला, वर आलेली टोपी पाहिली, आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ये वं, पाह्य. हवाबी मस्त येते इथं."